वाचकांचे प्रश्न : चुलीचा धूर आणि कर्क स्मिथ

प्रश्न : मागच्या अंकातल्या धुरावरच्या लेखात कर्क स्मिथ हे नाव आलं होतं. हे कोण, आणि आपल्या चुलींशी त्यांचा काय संबंध?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : कर्क स्मिथ (१९४७–२०२०) हे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली इथे, पर्यावरणीय आरोग्याचे प्राध्यापक होते. त्यांचा सुरुवातीचा अभ्यास अणुऊर्जेच्या धोक्यांचा होता. प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी, असं सगळे धरून चालत होते, त्या काळात म्हणजे १९८१ मध्ये त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवा ओढणारी छोटी यंत्रं लावली. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासाजवळच्या हवेत घनमीटरमागे सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास धूलिकण भरले.

धूर किती निघाला यापेक्षा छातीत किती गेला ते मोजा, हा त्यांचा आग्रह. घरात सुटलेला धूर बाहेर सुटलेल्या धुराच्या सुमारे हजारपट माणसाच्या फुप्फुसात जातो, असा त्यांचा ठोकताळा होता. औष्णिक केंद्राचं धुराडं परळीत असो की आणखी कुठे, ते उंच आणि लांब असतं. चूल मात्र तोंडासमोर असते. चुलीच्या धुराची बालकांच्या न्यूमोनियाशी, दम्यासारख्या जुनाट श्वसनविकाराशी आणि मोतीबिंदूशी सांगड घालण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. २०१२ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा टायलर पुरस्कार मिळाला.

प्रश्न : आम्ही चुलीला पाइप बसवून धूर छतावर सोडला. आता काळजी मिटली का? तुराट्या लावल्या की धूर तरीही घरात येतो.
– एक गृहिणी, औसा तालुका

उत्तर : आधी दुरुस्ती. पाइप आतून १० सेंटिमीटरच्या आसपास हवा, शक्यतो सरळ. पत्र्याच्या किंवा माळवदाच्या वर तो किमान दोन-तीन फूट गेला पाहिजे; शेजारच्या भिंतीपेक्षा खाली राहिला तर वारा धूर परत आत ढकलतो. काजळी दर पंधरा दिवसांनी काठीला गोणपाट बांधून काढा. तुराट्या-पऱ्हाट्या चुलीबाहेर लांब लोंबत राहिल्या की चुलीच्या तोंडाशीच जळतात आणि तो धूर पाइपकडे जातच नाही. त्यांचे वीत-दीड वीत तुकडे करा, एका वेळी दोन-तीनच सारा. दुहेरी चुलीच्या मागच्या वायलावर भांडं नसेल तर तो झाकून ठेवा, तो उघडा राहिला की ओढ तुटते. पावसाळ्यात भिजलेली गोवरी जळत नाही, नुसती धुमसते. सरपण आडोशाला, जमिनीपासून वर रचावं.

पण पाइपवर काळजी मिटत नाही. स्मिथ यांच्या गटाने मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेवर घरांत नेमकं हेच तपासलं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना धुराड्याची चूल दिली, उरलेल्या घरांत उघडी चूलच ठेवली. २०११ मध्ये निष्कर्ष आले. तान्ह्या बाळांच्या अंगावर येणारा धूर साधारण निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया एक-तृतीयांशाने घटला, मात्र एकूण न्यूमोनियातली घट खात्रीने सांगण्याइतकी भरली नाही. धूर निम्मा झाल्याने आजार निम्मा होत नाही. मोठा फायदा हवा तर धूर जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. शिवाय छतावरून गेलेला धूर गल्लीतून दारावाटे परत घरात येतो. म्हणूनच स्मिथ पुढे चूल सुधारण्यापेक्षा गॅस आणि वीज गरिबांच्या हाती देण्याची बाजू मांडू लागले. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्यामागच्या विचारात या मांडणीचा भाग आहे.

प्रश्न : उज्ज्वलाचा गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच होतात. टाकी पुरत नाही. काय करावं?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : बहुतेक घरांची हीच अडचण आहे. जोडणी मोजून उपयोग नाही, वापर मोजा, असं स्मिथ सांगत. त्यांच्या गटाने बटणाएवढे तापमान-नोंदक चुलीला चिकटवून ती दिवसात किती वेळा पेटते ते टिपलं.

पाण्याचा हिशोब करून पाहा. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला गॅस साधारण ६० ग्रॅम लागतो. चार माणसं रोज अंघोळीला बसली तर महिन्याला ७ किलो, म्हणजे १४.२ किलोची अर्धी टाकी नुसत्या पाण्यात जाते. म्हणून पाणी गॅसवर तापवू नका. सूर्यबंब परवडला तर उत्तम. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने त्याच्या नळ्या भरतात, तेव्हा वर्षातून एकदा साफ करून घ्या. नाहीतर १५०० वॅटचा रॉड: एका बादलीला वीस मिनिटं आणि अर्धं युनिट वीज. पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, बादली प्लॅस्टिकची असावी आणि रॉड चालू असताना लेकरं जवळ नकोत. यातलं काहीच शक्य नसेल तर बंब अंगणात, दारा-खिडक्यांपासून लांब पेटवा.

ज्वारीची भाकर गॅसवर होते, चूक होते ती उलटण्याच्या वेळेत. मध्यम आचेवर तवा तापवून भाकर टाका, वरून पाणी फिरवा आणि ते सुकत आलं की लगेच उलटा. ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते, पार सुकू दिली तर भेगा पडून फुगत नाही. दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून पहिली बाजू जाळीवर थेट आचेवर धरा. पीठ जुनं असेल तर उकळत्या पाण्यात मळा. वरणाची डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली की गॅस वाचतो. मोठ्या टाकीचे पैसे एकदम जमत नसतील तर ५ किलोच्या टाकीबद्दल वितरकाकडे विचारा.

प्रश्न : गॅसने आजार कमी होतात हे खरंच सिद्ध झालंय का?
– एक आरोग्यसेवक, हिंगोली

उत्तर : पूर्ण नाही, आणि ते लपवू नये. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या मोठ्या चाचणीत चुलीवर राहिलेल्या गर्भवतींच्या श्वासातले सूक्ष्मकण घनमीटरमागे सुमारे ७० मायक्रोग्रॅम भरले, तर गॅस दिलेल्यांचे सुमारे २४; तरी बाळांचं जन्मवजन आणि न्यूमोनिया यांत ठळक फरक दिसला नाही. याची कारणं अजून तपासली जात आहेत. आमच्या मते यावरून चुलीकडे परतणं चूक ठरेल: धुराने होणारे श्वसनविकार आणि हृदयविकार वर्षानुवर्षांच्या श्वासातून येतात, ते अशा दीड-दोन वर्षांच्या चाचणीत दिसणार नाहीत.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी घरातला धूर मोजता येईल का?
– एक शिक्षक, वसमत

उत्तर : येईल. सूक्ष्मकण (पीएम २.५) दाखवणारं स्वस्त यंत्र चालेल. स्मिथ यांच्या गटानेही आग लागल्याचा इशारा देणाऱ्या घरगुती उपकरणापासून आपलं मोजयंत्र बनवलं होतं. यंत्र चुलीपासून १ मीटर लांब, जमिनीपासून दीड मीटर उंच आणि दारा-खिडक्यांपासून दीड मीटर दूर टांगा. एका स्वयंपाकाचं मोजमाप फसवं असतं, सलग २४ तास नोंद ठेवा. कुकरच्या वाफेने आणि फोडणीने आकडा उसळतो, म्हणून त्या वेळा वहीत लिहून ठेवा. काजळीने यंत्रातला पंखा भरला की आकडे चुकतात. दर घरानंतर मोकळ्या हवेत तसंच दुसरं यंत्र शेजारी ठेवून दोन्ही सारखं दाखवतात का ते पाहा. गॅसच्या घरातही आकडा चढा आला तर आधी शेजारची चूल कधी पेटते ते विचारा.