जांघेत कळ येते, दुर्बिणीचं ऑपरेशन करू का?

प्रश्न : डॉक्टर, मी ३३ वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत, दर शनिवारी टर्फवर फुटबॉल खेळतो. आठ-नऊ महिने झाले उजव्या जांघेत दुखतंय, आधी वाटलं स्नायू खेचला गेला असेल, मलम चोळून झालं, शेक देऊन झालं, पण गाडीत तासभर बसलं की उतरताना कळ येते आणि बूट घालायला वाकलं की आत काहीतरी अडकल्यासारखं होतं. एमआरआयमध्ये कॅम इम्पिंजमेंट आणि लॅब्रम फाटलंय असं आलंय. सर्जन म्हणतात दुर्बिणीतून करून टाकू, दोन-तीन छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. बायको म्हणते आधी अजून कुणालातरी विचार. एवढंच सांगा, नंतर पूर्वीसारखा होईन का आणि मांडी घालून बसता येईल का?

उत्तर : बायकोचं ऐकलंत ते बरं केलंत. आधी नेमकं काय झालंय ते बघू, म्हणजे रिझल्टचं बोलणं सोपं जाईल. खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा, आणि वाटीच्या काठाला वायसरसारखी मऊ कड असते तिला लॅब्रम म्हणतात. गोळा संपून हाडाची मान सुरू होते तिथे तुमच्या हाडाला जादा उंचवटा आहे (हाच कॅम), तो तुम्ही वाकलात की वाटीच्या काठावर घासतो (हेच इम्पिंजमेंट), रोज थोडा थोडा, आणि मग ती कड फाटते. काहींचा वाटीचा काठच पुढे आलेला असतो, त्याला पिन्सर म्हणतात, बऱ्याच जणांना दोन्ही असतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांच्या टीमने २००३ मध्ये मांडलं की खुब्याच्या झिजेचं एक कारण हेच आहे, तेव्हापासून हे निदान जगभर व्हायला लागलं.

पण एक भानगड आहे, असा उंचवटा कितीतरी लोकांच्या एक्सरेत दिसतो आणि त्यांचं काहीही दुखत नसतं! म्हणून २०१६ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलं की त्रास, तपासणी आणि फोटो तिन्ही जुळलं तरच हा आजार म्हणायचा. गुडघा छातीकडे वाकवून आत वळवल्यावर तुमची नेहमीचीच कळ येते का हे सर्जननी बघितलंय ना, ते विचारा. एमआरआय झालाय ते उत्तम, कारण आपल्याकडे या वयात जांघ दुखली की एव्हीएन, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, हे आधी बघावं लागतं, कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये ते दिसलं होतं.

आता मुद्द्याचं. इंग्लंड-स्कॉटलंड बाजूला २३ हॉस्पिटलांत ३४८ पेशंट घेऊन एक ट्रायल झाली, २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन, अर्ध्यांना फिजिओ. खुब्याचा त्रास मोजायचा एक स्कोअर आहे, ० ते १००, जितका जास्त तितकं चांगलं. वर्षभराने ऑपरेशनवाले ३९ वरून ५९ ला गेले, फिजिओवाले ३६ वरून ५० ला. सुरुवातीचा फरक वगैरे हिशोबात धरून दोन्हींत साधारण ७ मार्कांचं अंतर राहिलं, आणि पेशंटला स्वतःला जाणवावं म्हणून किमान ६ लागतात. म्हणजे ऑपरेशन जिंकलं, पण काठावर पास झाल्यासारखं. पुढच्या वर्षी बीएमजे या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या ब्रिटिश ट्रायलमध्ये २२२ जण होते, तिथे ८ महिन्यांनी जाणवण्याइतका फरक ऑपरेशनवाल्या ५१ टक्क्यांना पडला आणि फिजिओवाल्या ३२ टक्क्यांना.

हे आकडे मी पेशंटला दोन्ही बाजूंनी वाचायला सांगतो. ऑपरेशनने फिजिओपेक्षा जास्त फायदा होतो हे खरंय, पण सरासरी ५९ म्हणजे शंभर नव्हे, आणि दुसऱ्या ट्रायलमध्ये जवळजवळ अर्ध्यांना जाणवण्याइतकाही फरक पडलेला नाही. "पूर्वीसारखा" हा शब्द डोक्यातून काढून टाका, बसून उठताना कळ नको, बूट घालता यावेत, जमलं तर टर्फवर जाता यावं, अशी अपेक्षा ठेवलीत तर ऑपरेशननंतर निराश व्हायची वेळ कमी येते.

मांडीचं म्हणाल तर मांडी घालताना पाय बाहेर वळतो आणि कॅमची मुख्य अडचण पाय वाकवून आत वळवताना असते, त्यामुळे सुरुवातीचे महिने सांभाळले की मांडी बहुतेकांना जमते. पूर्ण उकिडवं बसणं जास्त अवघड, इंडियन टॉयलेटची सवय असेल तर ते सर्जनशी आधीच बोला, ऑपरेशननंतर नको.

आणि "दोन-तीन छिद्रं" ऐकून भुलू नका. बाहेर छिद्रं असली तरी आत पाय ओढून सांधा उघडतात, हाड तासतात, कड टाके घालून बसवतात. कुबड्या साधारण २ ते ४ आठवडे, खेळ ४ ते ६ महिन्यांनी. पाय ओढल्यामुळे किंवा छिद्रांमुळे जांघेत किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, बहुतेकदा आपोआप जातो.

तुम्ही फिजिओबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे केलाच नसणार! तीन महिने नीट करा, मग ठरवा.

प्रश्न : वय ५२, नाशिक. मलाही इम्पिंजमेंट सांगितलंय, एक्सरेत "सांध्यातली गॅप कमी" असं लिहिलंय. दुर्बिणीने साफ करून घेतलं तर खुबा बदलायचं टळेल ना?

उत्तर : ताई, ती "गॅप कमी" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. गॅप म्हणजे कुर्चा, ती झिजली की दुर्बिणीने हाड कितीही गुळगुळीत केलं तरी गेलेली गादी परत येत नाही. गॅप २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर दुर्बिणीनंतर थोड्याच काळात खुबा बदलावा लागायची शक्यता बरीच वाढते, म्हणजे दोन ऑपरेशनं, दोनदा खर्च, दोनदा कुबड्या. उभं राहून काढलेला एक्सरे घ्या आणि आकडा किती ते विचारा. टेनिसवाला अँडी मरे आठवतोय? त्याच्या खुब्याचं जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला दुर्बिणीने ऑपरेशन झालं, दुखणं काही जाईना, वर्षभराने लंडनला गोळ्यावर धातूची टोपी बसवली आणि त्याच २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पठ्ठ्या अँटवर्पची स्पर्धा जिंकला. तुमच्या बाबतीत वजन, व्यायाम, लागेल तेव्हा गोळी यावर जेवढी वर्षं निघतील तेवढी काढा, आणि वेळ आलीच तर थेट बदलायचंच बोला.

प्रश्न : माझा भाऊ इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो, वय २९, हेच निदान. तिथले डॉक्टर आधी फिजिओ म्हणतात. ही टाळाटाळ आहे का? भारतात आणून करून घेऊ?

उत्तर : अहो, वर सांगितलेली ३४८ जणांची ट्रायल त्याच्याच गावाशेजारच्या वॉरिक युनिव्हर्सिटीने चालवली, त्यामुळे तिथे अज्ञान आहे असं म्हणायची सोय नाही. शिवाय कॅनडा, फिनलंड आणि डेन्मार्कमध्ये २२० जणांवर एक झाली, त्यात सगळ्यांनाच दुर्बीण घातली, पण अर्ध्यांचं हाड तासलं आणि अर्ध्यांचा सांधा नुसता धुतला (कड दोन्हीकडे गरजेप्रमाणे शिवली), कुणाचं काय केलं ते पेशंटला माहीत नाही. वर्षाने दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी! फक्त दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करायची पाळी हाड तासलेल्यांवर कमी आली. भावाला सांगा फिजिओच्या ६ ते १० भेटी खरंच पूर्ण कर, घरचे व्यायाम वहीत लिही, आणि तरीही रात्री दुखून जाग येत असेल तर ती वही घेऊन सर्जनकडे जा. विमानाचं तिकीट एवढ्यात नको.