मुद्राचित्रकार, म्हणजे ठसा कोरून त्यावरून चित्र छापणारे कलाकार, निसर्ग बघून चित्र करतात की मनाने?

दोन्ही, आणि बऱ्याचदा एकाच चित्रात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा १५१५ सालचा, लाकडी ठशावरून छापलेला गेंडा घ्या. भारतातून लिस्बनला पोचलेला तो प्राणी त्याने कधी पाहिलाच नव्हता. हाती होतं फक्त कुणाचं तरी वर्णन आणि एक कच्चं रेखाटन. बाकीचं मनाने भरलं: चिलखतासारखी कातडी, खवल्यांचे पाय आणि पाठीवर चक्क एक जादा शिंग! तरीही पुढे कितीतरी वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच, असं लोक धरून चालले.

मुळात या माध्यमात हुबेहूब नक्कल जमतच नाही, असं मला वाटतं. लाकडावर कोरताना जे पांढरं हवं ते खोदून काढायचं. शाई लागते ती उरलेल्या उंच भागाला. एकाच काळ्या शाईत पिसाचा करडेपणा दाखवायचा तर बारीक रेघा जवळजवळ ठेवाव्या लागतात. छाप उलटा येतो, म्हणून उजवीकडे उडणारा पक्षी डावीकडे तोंड करून कोरायचा. मग डोळ्यांनी पाहिलेलं बरंच काही गाळावं लागतं, आणि काय गाळायचं हे ठरवतानाच कल्पना कामाला लागते. कधी लाकडाच्या स्वतःच्या रेषाही छापात उमटतात. कुणी त्यांचं पाणी करतं, कुणी आभाळ.