नर कशावरून?

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या नव्या संशोधन धोरणात ‘वैविध्य’ हा शब्द पानोपानी आहे. मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख. माझ्या गटात सहाजण आहेत, सगळे एकाच मुशीतले, आणि काम उत्तम चाललंय. वेगळ्या पार्श्वभूमीची माणसं घेतली म्हणून रेणू वेगळे वागणार आहेत का? गुळमुळीत नको, स्पष्ट उत्तर द्या.

उत्तर : नाही वागणार. त्या बाबतीत निर्धास्त असा. पण कुठला रेणू हातात घ्यायचा आणि कुठला बाजूला ठेवायचा, हे रेणू ठरवत नाहीत. ते तुमचे सहाजण ठरवतात.

माझीच फजिती सांगते. निवृत्त होईपर्यंत मी पक्ष्यांच्या गाण्यावर काम केलं. आमच्या नोंदपत्रकात ‘गाणारा नर’ असा रकानाच छापलेला होता. मादीसाठी रकाना नव्हता, कारण मादी गात नाही हे आम्ही शिकूनच आलो होतो. एका नव्या विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मॅडम, नर कशावरून?” आम्ही अभ्यासत होतो त्या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. म्हणजे गातो तो नर, आणि नर कोणता, तर गातो तो! हा गोल गोल कारभार मला इतकी वर्षं दिसला नव्हता. मी तिला काय म्हणाले असेन? “आधी वाचन वाढव.” तिने वाढवलंही बिचारीने. पण वाचायला जे होतं ते माझ्यासारख्यांनीच लिहिलेलं.

पुढे २०१४ मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या ३२ कुळांची एक मोठी छाननी प्रसिद्ध झाली. ज्या जातींची माहिती मिळाली, त्यांतल्या ७१ टक्के जातींत मादीही गाते. इतकंच नाही, तर या पक्ष्यांच्या मूळ पूर्वजांमध्येही माद्या गात असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. मग शतकभर ऐकू कसं आलं नाही? या विषयाची घडी युरोप आणि उत्तर अमेरिकेत बसली. तिथल्या थंड प्रदेशांतल्या बऱ्याच जातींत गाणं मुख्यतः नरच गातात. उष्ण प्रदेशांत माद्या सर्रास गातात, पण पाठ्यपुस्तकं तिथे लिहिली गेली नव्हती. २०२० मध्ये आणखी एका गटाने या विषयावरच्या पेपरांचे लेखकच मोजले. मादीच्या गाण्यावरच्या पेपरांत पहिलं नाव बाईचं असण्याचं प्रमाण ६८ टक्के, आणि पक्षीगीतावरच्या एकूण पेपरांत ४४. बायकांचे कान तिखट असतात असं मी म्हणत नाही (माझे तर नव्हतेच). प्रश्न कुणाला पडतो, एवढंच म्हणतेय.

पक्ष्यांचं सोडा, तुम्हाला रेणू हवेत. पीसीएसके९ घ्या. हे जनुक बिघडून जादा काम करू लागलं की कोलेस्टेरॉल वाढतं, हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांवरून कळलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत डॅलस शहरात हृदयविकाराची एक मोठी पाहणी चालू होती आणि तिच्यात कृष्णवर्णीय लोक मुद्दाम निम्म्याच्या आसपास घेतले होते. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी त्यांच्यात उलट बाजू शोधली. २००५ मध्ये दिसलं, की कृष्णवर्णीयांपैकी सुमारे २ टक्के लोकांत या जनुकाची एक प्रत निकामी असते, आणि त्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जवळपास ४० टक्क्यांनी कमी असतं. श्वेतवर्णीयांत हेच बदल फार विरळ. पुढच्या वर्षी कळलं, की अशा लोकांना हृदयधमन्यांचा विकार ८८ टक्क्यांनी कमी होतो, आणि जनुक बंद असल्याचा त्रास म्हणावा असा काही नाही. औषध शोधणाऱ्याला याहून चांगली वाट कोण दाखवणार? या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला अडवणारी दोन औषधं २०१५ मध्ये मंजूर झाली. ती सगळ्याच वर्णांच्या रुग्णांना देतात. पाहणीत एकाच मुशीतली माणसं असती, तर हा धागा हाताला लागणं अवघड होतं.

आता तुमच्या धोरणकर्त्यांना न आवडणारी बाजू. माणसं नुसती आणून बसवली की झालं, असं नसतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९७७ ते २०१५ या काळातल्या अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख पीएचडीधारकांचे प्रबंध तपासले. ज्या समाजघटकांची माणसं त्या विषयात कमी, त्यांनी नव्या कल्पनांची सांगड जास्त वेळा घातली होती. पण त्यांच्या त्या कल्पना इतरांनी उचलल्या मात्र कमी. थोडक्यात, “वाचन वाढव” म्हणणाऱ्या गाइड जगभर आहेत.

शिवाय असा मिश्र गट सुरुवातीला हळू चालतो. शब्दांवरून अडतं, गृहीत धरलेलं पुन्हा समजावावं लागतं. वैताग येतो. पण समजावताना तुम्हालाच कारण आठवलं नाही, की समजायचं, तिथे काहीतरी आहे. तेव्हा पुढची जागा भरताना सातवा ‘आपल्यासारखा’ शोधू नका, आणि बैठकीत तुम्ही सगळ्यांत शेवटी बोला. प्रमुखाने आधी मत दिलं की उरलेल्यांचं मत तेच होतं.

प्रश्न : घरात पीएचडीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. लॅब मीटिंगमध्ये मी काही विचारलं की शांतता पसरते. दोन आठवड्यांनी तोच मुद्दा सीनियरने मांडला की सर म्हणतात, “वा!” माझं काही चुकतंय का?

उत्तर : तुझं चुकत नाही, पण “वा” होण्याची वाट बघत बसू नकोस. मुद्दा बैठकीच्या आदल्या दिवशी चार ओळींत सरांना मेल कर आणि लॅब नोटबुकात तारखेसकट लिही. प्रश्नासोबत तो तपासण्याचा एखादा छोटा प्रयोगही सुचव. नुसत्या प्रश्नाला हसता येतं, प्रयोगाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. विभागात दुसरी कुणी ऐकणारी व्यक्ती असेल तर तिला सहमार्गदर्शक म्हणून मागून घे, लाजू नकोस.

वर जिच्याबद्दल लिहिलं ती माझी विद्यार्थिनी दोन वर्षांत विषय बदलून गेली. तिचा प्रश्न कुठेच लिहिलेला नव्हता, तिच्याकडेही आणि माझ्याकडेही. मी तो रकाना बदलला तेव्हा मध्ये सात वर्षं गेली होती. जुन्या टेप्स अजून आहेत माझ्याकडे. मध्यंतरी पुन्हा ऐकल्या. काही उपयोग नाही. कोण गातंय हे नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही. त्या पक्ष्यांच्या पायात तेव्हाच खुणेची कडी घालायला हवी होती.