गाडीची शंका: सात-आठ वर्षं उभी असलेली स्प्लेंडर चालू होईल का?

प्रश्न : नमस्कार. बाबांची २००३ ची स्प्लेंडर चिपळूणजवळ गावच्या घरी पडवीत २०१८ पासून उभी आहे. बाबांना आता गाडी झेपत नाही आणि मी पुण्यात असतो. गणपतीला गेलो तेव्हा मी आणि चुलतभाऊ पाळीपाळीने किका मारून दमलो, पण गाडी साधी फुरफुरली पण नाही. टाकीत तेव्हाचंच पेट्रोल आहे, वास कसातरीच येतोय. मेकॅनिक म्हणाला इंजिन खोलावं लागेल, आठ-दहा हजार धरून चला. खरंच एवढं लागतं का? आणि पेपरचं काय करायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : इंजिन खोलायची घाई अजिबात करू नका. किक खाली जातेय म्हणजे पिस्टन जाम नाहीये, ही निम्मी लढाई जिंकल्यातच जमा. तुमची गाडी मेलेली नाही, त्यातलं पेट्रोल मेलंय. पेट्रोलमधला पटकन पेटणारा हलका भाग वर्ष-दीड वर्षात उडून जातो, मागे उरतो तो चिकट राळेसारखा थर, तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत, जाऊन बसतो, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे आता आणखी किका मारू नका, कोरड्या सिलिंडरमध्ये रिंगा घासतात तेवढ्याच.

एक गोष्ट आधी घरी विचारून घ्या, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा पडवीत पाणी आलं होतं का? आलं असेल तर सगळ्यात आधी इंजिनचा खालचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते आधी बाहेर येतं. पाणी किंवा दुधाळ ऑइल निघालं तर तुमचा मेकॅनिक बरोबर बोलतोय, मग खोलूनच बघा. नुसतं काळं ऑइल आलं तर पुढे वाचा.

प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. अडखळल्यासारखं, खरखरल्यासारखं वाटलं तर थांबा. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवीन १०डब्ल्यू-३० भरा, ९०० मिलीचा डबा मिळतो तोच. नवीन ऑइल चालू करायच्या आधीच घालायचं, नंतर नाही, कारण इतकी वर्षं बसलेल्या ऑइलमध्ये ओलावा असतोच. मग चावी बंद, प्लग बाहेर, आणि हलक्या हाताने... म्हणजे हलक्या पायाने, किका मारत राहा, वरचं टॅपेटचं झाकण उघडून तिथे ऑइल पोचलेलं दिसेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही, पण कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वाचतो तो यानेच.

स्पार्क बघायचा तर तो पण आत्ताच, टाकीत नवीन पेट्रोल पडायच्या आधी. प्लग कॅपमध्ये बसवून प्लगचं लोखंड इंजिनच्या हेडला टेकवा, पण भोकापासून लांब. मग चावी चालू करून किक मारा. निळसर कडक ठिणगी हवी. ह्या जुन्या किकवाल्या स्प्लेंडरला चालू व्हायला बॅटरी लागतच नाही, करंट मॅग्नेटवरून येतो, त्यामुळे बॅटरी मेली म्हणून गाडी चालू होत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बॅटरी मेलेलीच असणार, पण ती हॉर्न-इंडिकेटरपुरती, सावकाश बदला. ठिणगी नसेल तर आधी नवीन प्लग लावून बघा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. तरी नसेल तर सीटखालच्या वायरी बघा, उंदरांना त्या फार आवडतात. एअर फिल्टरच्या डब्यातही त्यांचा संसार असू शकतो, आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर असणं तर कोकणात नेहमीचंच, टॉर्च मारून बघा.

आता टाकी आणि कार्ब. जुनं पेट्रोल सगळं काढा, गटारात ओतू नका, गॅरेजवाले पार्ट धुवायला ठेवतात. टाकीत गंज असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा, मग पाण्याने आणि थोड्या खाण्याच्या सोड्याने खळखळून धुवा आणि लगेच कडक उन्हात वाळवा. वाळली की लगेच पेट्रोलमध्ये थोडं ऑइल घालून आतून फिरवायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत लाल होते. काही जण संडास साफ करायचं ॲसिड वापरतात, मला ते पटत नाही, गंजाबरोबर पत्रा पण खातं.

कार्बचा खालचा वाडगा उघडला की तळाला हिरवट-पिवळा चिकटा दिसेल. मेन जेट आणि पायलट जेट दोन्ही काढून कार्ब क्लीनर मारा, प्रेशरच्या हवेने फुंका, उजेडासमोर धरून भोक आरपार दिसतंय का बघा. पायलटचं भोक केसाएवढं असतं, त्यात लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा पुरतो. रबरी ओ-रिंगा क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात. बहुतेक गाड्यांचं दुखणं ह्या पायलट जेटमध्येच असतं: चोक ओढला की गाडी चालते, चोक सोडला की बंद पडते, असं झालं तर तो अजून साफ झालेला नाही, परत खोला. आणि चालू केल्यावर पाइपातून पेट्रोल टपकत राहिलं तर फ्लोटची सुई चिकटलीय, वाडग्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, कधी कधी तेवढ्यानेच सुटते.

मग लिटर-दोन लिटर ताजं पेट्रोल, चोक आणि किक. सुरुवातीला धूर निघेल, ते तुम्हीच सोडलेलं ऑइल जळतंय, पाच-दहा मिनिटांत कमी झाला नाही तरच काळजी करायची. रेस देऊ नका. पहिला गिअर टाकताना क्लच दाबूनही गाडी पुढे उडी मारत असेल तर क्लच प्लेटा चिकटल्यात: इंजिन बंद करून गिअरमध्ये क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला, सुटतात. २००-३०० किलोमीटरनंतर ऑइल परत एकदा बदला.

टायरवर मात्र पैसे वाचवू नका. साइडला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे १४१६ असेल तर २०१६ चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी ते रबर आता कडक झालंय, ट्यूबसकट दोन्ही बदला. ब्रेकचे ड्रम उघडून शू बघा, ब्रेकच्या कॅमला (शू फाकवणाऱ्या दांड्याला) जरासं ग्रीस लावा, केबलांमध्ये ऑइल सोडा.

पेपर : २००३ ची नोंदणी म्हणजे १५ वर्षं २०१८ ला संपली (बऱ्याच गाड्या नेमक्या त्याच वर्षी पडवीत कशा जातात देव जाणे). नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, शिवाय पर्यावरण कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने एचएसआरपी नंबरप्लेट. २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये वाढवून २००० रुपये केलीय आणि उशिराची फी महिन्यागणिक वेगळी चढते, तेव्हा गाडीवर खर्च करायच्या आधी आरटीओत एकूण आकडा विचारून घ्या. आणि तोवर रस्त्यावर काढू नका, टेम्पोत घालून न्या.

प्रश्न : माझ्या आरएक्स १०० ची किक हलतच नाहीये, पार दगड. पाइप लावून जोर देऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका देऊ! किकचा शाफ्ट तुटेल आणि पिस्टन तिथेच राहील. प्लगच्या भोकातून डिझेल किंवा गंज सोडवायचं ऑइल भरून चार-पाच दिवस ठेवा, रोज थोडं घाला, मग टॉप गिअरमध्ये गाडी पुढे-मागे डोलवा. सुटला तरी लगेच चालवू नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या टूटीचंच (टू-स्ट्रोकचं ऑइल), त्यामुळे उभ्या गाडीत ते बेअरिंग गंजतं आणि क्रँकची सीलं सुकतात. सील गेलं की बाहेरची हवा ओढली जाते, मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन परत धरतो. म्हणून इथे मी उलटं सांगेन, इंजिन खोला, सीलं बदला. ऑइल पंपात हवा अडकलेली असते, तेव्हा पहिल्या दोन-चार लिटर पेट्रोलमध्ये लिटरमागे २०-३० मिली टूटी वरून मिसळा. धूर होईल, होऊ दे.

प्रश्न : मी आठ महिने परदेशी जातेय. भाऊ म्हणतो दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवीन. चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भावाला सांगा एकतर पंधरा दिवसांनी वीसेक मिनिटं चालवून आण, नाहीतर हातच लावू नकोस. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, पाण्याची वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये जमून बसते. चालवणार नसेल तर टाकी काठोकाठ भरा, कॉक बंद करून कार्बच्या खालच्या स्क्रूने त्यातलं पेट्रोल काढून टाका, बॅटरी काढून घरात ठेवा, गाडी डबल स्टँडवर, सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांधा. आणि त्या पिशवीची चिठ्ठी मीटरवर चिकटवा, नाहीतर भाऊ किका मारत बसेल.