मासळीचे टेम्पो आणि फिजिक्स

प्रश्न : आमच्याकडे हर्णै, बुरोंडी, दाभोळ अशी बंदरं. एखाद दिवशी सगळे टेम्पोवाले एकाच बंदरावर आणि दुसरीकडे मासळी घ्यायला कोणी नाही. पोरगा एमएस्सी फिजिक्स करतोय, म्हणतो हे आमच्या गणितातलंच आहे. खरं का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : अगदी खरं आहे काका! कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ बिकास चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास ह्याच्यासारखाच प्रश्न मांडला होता, म्हणजे बघा, जितकी गिऱ्हाइकं तितक्याच स्वस्त खाणावळी, प्रत्येक खाणावळीत एकालाच जेवण आणि कुणी कुणाला न विचारता सगळ्यांनी एकदमच ठरवायचं की आज कुठे जायचं. डोळे मिटून निवडलं तर साधारण ६३ टक्केच खाणावळींत गिऱ्हाईक येतं, बाकीचं अन्न वाया. पण काल जिथे जास्त गर्दी दिसली तिथे परत जायची शक्यता तेवढीच कमी ठेवली, तर आकडा ८० टक्क्यांच्या आसपास जातो, आणि हे कुणी वरून हुकूम न देता, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं.

फिजिक्स इथे कशाला, तर वायूचा एकेक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही पण सगळ्यांचं मिळून काय होईल ते सांगता येतं, तीच पद्धत. अर्थात टेम्पोवाले एकमेकांना फोन करतात, बर्फ, डिझेल, ठरलेली गिऱ्हाइकं हेही असतंच, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे बंदरावर लावू नका. पोराला महिनाभर रोज लिलावाला किती टेम्पो आले ते लिहून ठेवायला सांगा, प्रोजेक्टला मस्त विषय आहे.