कोणतं वर्ष ऐकू, कोणती टेप घेऊ? ग्रेटफुल डेडवर वाचकांचे प्रश्न

ग्रेटफुल डेड हा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातला बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवत राहिला. गाण्यांचा क्रम रोज वेगळा, मधलं वादन त्या क्षणी सुचेल तसं, आणि श्रोत्यांना टेप करायला मोकळीक. त्यामुळे त्यांच्या दोन हजारांवर कार्यक्रमांच्या टेपा आज ऐकायला मिळतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न दोनच गोष्टींभोवती फिरतात: कोणता काळ चांगला आणि कोणती प्रत चांगली. हे दोन प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत.

प्रश्न: नव्याने ऐकू लागलो की प्रत्येक जण ८ मे १९७७ चं नाव सांगतो. तो कार्यक्रम खरंच सर्वांत उत्तम आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात तिथूनच करा, त्यात काही चूक नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला हा कार्यक्रम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला आहे, आणि २०१७ मध्ये तो अधिकृतपणे निघाला. दुसऱ्या सेटची सुरुवात लक्ष देऊन ऐका. ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरण्याची ही जोडी मार्च १९७७ पासूनची, म्हणजे तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. दोन्ही गाण्यांचं घर ‘बी’ हाच सूर, त्यामुळे पट्टी बदलावी लागत नाही. पहिलं गाणं हळूहळू विरत जातं आणि ‘बी’ व ‘ए’ या दोन कॉर्डचा झोका कधी सुरू झाला ते कळतच नाही. कान गिटारवर न ठेवता फिल लेशच्या बासवर ठेवा, मग तो सांधा सापडेल.

पण आदल्या दिवशीचं बॉस्टन आणि दुसऱ्या दिवशीचं बफेलो ऐकलंत तर आमच्या मते त्याच तोलामोलाचं वादन मिळेल. कॉर्नेलचं नाव झालं त्यात टेपचा मोठा वाटा आहे. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती रीलवर घेतली होती. सभागृहात ऐकू जाणारं मिक्स जसंच्या तसं न घेता बेटी टेपसाठी वेगळं मिक्स करत, म्हणून गिटार, पियानो, दोन्ही ड्रम्स सगळं आपापल्या जागी ऐकू येतं. १९८६ मध्ये एका गोदामातल्या सामानाच्या लिलावातून त्यांच्या रील्स संग्राहकांच्या हाती आल्या आणि ‘बेटी बोर्ड्स’ या नावाने पसरल्या. १९७७ लाडकं आहे ते वादनामुळे तर आहेच, पण ते वर्ष इतकं स्वच्छ ऐकू येतं म्हणूनही आहे. ज्या वर्षाच्या टेपा कोरड्या निघाल्या ते वर्ष लोकांनी कंटाळवाणं ठरवून टाकलं.

आमचं मत विचाराल तर १९७२ ते १९७४. दोन ड्रमरांपैकी मिकी हार्ट फेब्रुवारी १९७१ मध्ये बाहेर पडला आणि १९७४ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या विंटरलँड सभागृहातल्या शेवटच्या रात्री परत आला. मधल्या काळात बिल क्रॉइट्झमन एकटा ड्रम्सवर होता. दोन ड्रमर असले की ताल भक्कम होतो, पण वळायला वेळ लागतो. एकटा असताना तो गिटारवादक-गायक जेरी गार्सियाच्या एका स्वरावर दिशा बदलू शकतो. एप्रिल-मे १९७२ चा युरोप दौरा २२ कार्यक्रमांचा होता आणि सगळाच्या सगळा १६ ट्रॅकवर घेतलेला आहे. मात्र तेव्हाच्या तीन तबकड्यांच्या अल्बमात बरंचसं गायन नंतर स्टुडिओत भरलेलं आहे. पूर्ण दौरा ऐकायचा असेल तर २०११ चा पूर्ण संच घ्या. त्यानंतर २७ ऑगस्ट १९७२, व्हेनेटा, ऑरेगन. आणि लांब वादन पचायला लागलं की २१ मे १९७४, सिएटल, तिथलं ‘प्लेइंग इन द बँड’ पाऊण तासाहून मोठं आहे.

अधिक रांगडं हवं असेल तर २७ फेब्रुवारी १९६९ चं ‘डार्क स्टार’ (‘लाइव्ह/डेड’ अल्बमवर, २३ मिनिटं) किंवा २ मे १९७०, हार्पर कॉलेज.

प्रश्न: एकाच तारखेच्या सात-आठ प्रती दिसतात. साउंडबोर्ड म्हणजे उत्तम आणि ऑडियन्स म्हणजे दुय्यम, हा नियम धरावा का?

धरू नका. साउंडबोर्ड टेपवर येतं ते मिक्सरमधून (सगळे माइक आणि वाद्यं एकत्र करणाऱ्या यंत्रातून) गेलेलं. मिक्सरवाला सभागृहात जे कमी पडतंय तेच वाढवतो. छोट्या हॉलमध्ये गिटारचे अँप्लिफायर मुळातच जोरात असतात, म्हणून तो गिटार खाली ठेवतो. हॉलमध्ये सगळं बरोबर लागतं, टेपवर मात्र गायन अंगावर येतं आणि गिटार दूर जाते. प्रेक्षकांतल्या माइकवरून घेतलेल्या ऑडियन्स टेपमध्ये सभागृहात जे प्रत्यक्ष वाजलं तेच येतं, त्याबरोबर टाळ्या आणि शेजाऱ्याची बडबडही येते.

नावापेक्षा प्रतीची वंशावळ वाचा. चांगल्या प्रतीसोबत मजकुराची एक फाइल असते: मूळ रील किंवा कॅसेट, तिच्यावरून झालेल्या नकला, मग डॅट (डिजिटल टेप), मग संगणक. साध्या टेपवरून केलेली प्रत्येक नक्कल आपला खरखराट वाढवते. मूळ टेपचा आणि नकलेचा खरखराट सारखा धरला तर पहिल्या नकलेत तो सुमारे ३ डेसिबलने वाढतो आणि तिसऱ्या नकलेपर्यंत ६ होतो. म्हणून चार हात फिरलेल्या साउंडबोर्डपेक्षा मूळ कॅसेटवरून थेट उतरवलेली ऑडियन्स टेप कित्येकदा सरस असते. ‘डॉल्बी’ (खरखराट कमी करणारी सोय) लावून घेतलेली कॅसेट पुढच्याने डॉल्बीशिवाय वाजवून उतरवली तर झांजा किंचाळतात. उलट झालं तर सगळ्यावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. अशा प्रतीला नंतर ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारी सोय) लावून पूर्ण उपयोग होत नाही, दुसरी प्रत शोधा.

फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल एमपीथ्रीवरून तर बनवलेली नाही ना, हे स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातले सूर दाखवणाऱ्या आलेखात) पाहा. एमपीथ्रीत बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. कॅसेटमध्येही वरचे सूर संपतात, पण उतार हळूहळू येतो. एफएम प्रसारणावरून घेतलेल्या टेपमध्ये १५ किलोहर्ट्झनंतर रिकामं आणि बऱ्याचदा १९ वर एक बारीक रेघ दिसते. ती रेडिओच्या स्टिरिओ संकेताची आहे, फसवणूक नव्हे.

प्रश्न: सत्तरच्या दशकातल्या एका टेपबरोबर गिटार वाजवायला बसलं की सूर जुळत नाही, टेप थोडी चढी लागते. दुरुस्त कशी करायची?

टेप जलद चालली आहे. किती जलद, ते कानाने ठरवू नका. त्या रात्री बँडनेही ४४० हर्ट्झ या प्रचलित मापालाच सूर लावले असतील असं नाही. विजेची गुणगुण धरा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आणि स्टेजवरच्या अँप्लिफायरची गुणगुण टेपवर उतरलेली असते.

दोन गाण्यांमधली शांत जागा निवडा, निदान तीन सेकंदांची. स्पेक्ट्रम काढताना नमुन्यांची संख्या १,३१,०७२ ठेवा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये साधारण एक तृतीयांश हर्ट्झपर्यंत फरक कळतो. ६० ऐवजी तिची तिप्पट, १८०, शोधा. तिथे चूक तिप्पट मोठी होऊन दिसते. समजा शिखर १८३.६ वर आहे. १८३.६ भागिले १८० म्हणजे १.०२, टेप दोन टक्के जलद. हे सुमारे ३४ सेंट होतात, अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाला थोडं जास्त, म्हणूनच कान कुरकुरतो. फाइलचा वेग ९८.०४ टक्के करा. वेग आणि सूर एकत्र बदलणारं साधनच वापरा. नुसता सूर उतरवणारं साधन ताल चुकीचाच ठेवतं आणि झांजांना पाणी सुटल्यासारखा आवाज देतं.

इथे दोन फसगती होतात. एक, कॅसेट उतरवताना वाजवणाऱ्या डेकची स्वतःची गुणगुण मिसळते आणि ती नेमक्या ६० किंवा ५० वर बसते. दोन शिखरं दिसली तर नेमक्या आकड्यावरचं सोडा, सरकलेलं धरा. दोन, युरोप १९७२ च्या टेपांना ६० लावू नका. तिथली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा १५० भोवती पाहा.

फरक जर एकदम पाऊण सुराइतका असेल तर टेपचा दोष नाहीच. ४८ किलोहर्ट्झची डॅट कुणीतरी ४४.१ समजून वाचली आहे. सगळं आठ टक्के संथ होतं आणि गार्सिया झोपेत गातोय असं वाटतं.

प्रश्न: १९७४ च्या साउंडबोर्ड टेपांमध्ये वादन भरदार आणि गायन पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. माझ्या प्रतीत दोष आहे का?

नाही. तो ‘वॉल ऑफ साउंड’चा परिणाम. ही ध्वनियंत्रणा २३ मार्च १९७४ ला काउ पॅलेसमध्ये पूर्ण रूपात लागली आणि ऑक्टोबरपर्यंत चालली. सगळे स्पीकर वादकांच्या पाठीमागे भिंतीसारखे उभे असत. समोरच्या माइकमध्ये तोच आवाज परत शिरून शीळ घुमू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक एकावर एक, उलट ध्रुवतेने जोडलेले असत. लांबचा आवाज दोन्हींत सारखा पोहोचून परस्पर कटतो, उरतं ते फक्त वरच्या माइकला ओठ टेकवून गायलेलं. गायक जरा मागे सरला की त्याच्या आवाजाचा खालचा भागही तसाच कटतो.

२०० ते ३०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल वाढवून थोडी ऊब येते. त्याहून जास्त वाढवलंत तर पियानो गढूळ होतो. आम्ही तर काहीच करत नाही. त्या वर्षीचा बास इतका सुटसुटीत दुसऱ्या कुठल्याच वर्षी ऐकू येत नाही, आणि ती त्याच भिंतीची देणगी आहे.

प्रश्न: साउंडबोर्ड आणि ऑडियन्स टेप एकत्र करून मॅट्रिक्स घरी बनवता येतं का? माझ्या प्रयत्नात दहा मिनिटांनी प्रतिध्वनी सुरू होतो.

येतं. प्रतिध्वनी येतो कारण दोन यंत्रांचा वेग कधीच सारखा नसतो. दोन कॅसेट डेकमध्ये अर्धा टक्का फरक असला तरी तासाला १८ सेकंद होतात.

साउंडबोर्ड पायाला ठेवा. पहिल्या गाण्यातला स्नेअरचा एक स्पष्ट ठोका आणि बाजू संपण्याआधीचा दुसरा, असे दोन्ही टेपांवर खुणवा. समजा साउंडबोर्डवर त्यांच्यात २७१२.४ सेकंद आहेत आणि ऑडियन्सवर २७०९.१. म्हणजे ऑडियन्स टेप १.००१२१८ पट लांबवायची. एवढ्याने काम संपत नाही. रिळावरची टेप सरकत जाते तसा वेगही जरासा बदलतो, म्हणून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला पुन्हा जुळवा. लांब जॅममध्ये चार-पाच मिनिटांनी तपासा. टेप उलटवली तिथून हिशेब नव्याने मांडा.

प्रेक्षकांतला माइक स्टेजपासून ३० मीटरवर असेल तर आवाज तिथे सुमारे ८८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ऑडियन्स टेप तेवढी पुढे ओढा, पण शून्यावर आणू नका. दोन मिलिसेकंदांच्या आत अंतर हलत राहिलं की आवाज पोकळ होतो, जणू कुणी पाइपमधून बोलतंय. दहा ते पंधरा मिलिसेकंद मागे राहू द्या, हॉलची हवा मिळते. तीस-चाळीसच्या पुढे गेलात की ठोका दोनदा ऐकू येतो, तुमच्याकडे तेच झालं आहे.

ऑडियन्सचा आवाज साउंडबोर्डच्या सहा ते आठ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा, आणि तिच्यातला ८० हर्ट्झखालचा भाग छाटा, नाहीतर दोन बास एकमेकांत घुटमळतात. शेवटी तिची ध्रुवता उलटी करून पाहा. ज्या बाजूला बास भरतो ती बरोबर.

प्रश्न: सीडी बनवली की एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ‘टक्’ असा आवाज येतो.

सीडीवरचा सेक्टर ५८८ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. फाइल सेक्टर मध्येच सोडून संपली की उरलेली जागा शून्यांनी भरते आणि तोच ‘टक्’ ऐकू येतो. एसएचएनटूल या प्रोग्रॅमने फाइलींच्या सीमा सरळ करा आणि सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडा. नाहीतर प्रत्येक गाण्याआधी दोन सेकंदांची शांतता पडते आणि ‘स्कार्लेट’ ते ‘फायर’ या प्रवासाचे तुकडे होतात.

प्रश्न: ऐंशीच्या दशकात ऐकण्यासारखं काही आहे का? मी ऐकलेल्या टेपा रुक्ष वाटल्या.

बहुधा साउंडबोर्ड कॅसेटी ऐकल्या असाव्यात. त्या काळासाठी ऑडियन्स टेपच घ्या. ब्रेंट मिडलंड एप्रिल १९७९ पासून जुलै १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत बँडमध्ये होता. त्याच्या हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरची घरघर हॉलच्या हवेतच खुलते. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली कम्युनिटी थिएटरला टेप करणाऱ्यांसाठी साउंडबोर्डच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं सुरू झाली. त्यानंतर उंच स्टँडवर नाकामिची, न्यूमन, शेप्सचे माइक आणि खाली सोनीचे डी५ डेक, असं दृश्य नेहमीचं झालं. अट एकच, टेप वाटा पण विकू नका.

१२ ऑक्टोबर १९८४, ऑगस्टा, मेन हा कार्यक्रम माइकवरून घेतलेल्या प्रतीत ऐका. मग ९ ऑक्टोबर १९८९, हॅम्प्टन. तिथे ‘डार्क स्टार’चे पहिले स्वर लागतात तेव्हा प्रेक्षकांचा जो आवाज उसळतो, तो साउंडबोर्डवर अर्धाही पोहोचलेला नाही.