गावाकडची मुलगी आणि एमबीबीएसचा प्रवेश

प्रश्न : आमची मुलगी पाटण तालुक्यातील गावात राहून बारावी विज्ञान शाखेत शिकते. ग्रामीण भागातील विद्यार्थिनी म्हणून तिला वैद्यकीय प्रवेशात सवलत मिळेल का? – एक पालक, जि. सातारा

उत्तर : केवळ गावात राहते म्हणून वेगळ्या जागा मिळत नाहीत, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ७२० गुणांच्या देशपातळीवरील परीक्षेतील क्रमांकच निर्णायक असतो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, ही गोष्ट मात्र अजून अनेक घरांपर्यंत पोहोचलेली नाही, याची खंत वाटते. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत डोंगरी भागासाठी आरक्षण असते, म्हणून आपले गाव अधिसूचित यादीत आहे का, याची तहसील कार्यालयात आधी खात्री करावी.

‘नीट’ दिली म्हणजे अर्ज झाला, असे समजू नये. सातारा, मिरज यांसारख्या शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष भरतो आणि त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आपण आरक्षित प्रवर्गातील असाल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव आजच दाखल करावा, कारण गुण असूनही या एका कागदाअभावी हुशार मुलांची जागा हातची जाते.